आधी मजुरी धरा, मग दर सांगा
मुंबईतील मराठी उद्योजक मंडळांचे चालक, मार्गदर्शक आणि प्रशिक्षक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

दादर, गिरगाव, पार्ले, मुलुंड, बोरिवली, ठाणे, डोंबिवली. तुमच्या बैठका आता सगळीकडे भरतात. रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात पन्नास-साठ माणसं जमतात. कोणी घरगुती मसाले करतं, कोणी छपाईची कामं घेतं, कोणाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असतं, कोणी लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेतं. प्रत्येकाला ओळख सांगायला एक-दोन मिनिटं मिळतात, मग पाहुणे व्यवसायवाढीवर बोलतात, मग चहा आणि कार्डांची देवाणघेवाण. मराठी तरुणाने नोकरीच्या पलीकडे पाहावं ही तुमची तळमळ खरी आहे. त्यासाठी तुम्ही पदरचा वेळ आणि पैसा घालता, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणूनच हे पत्र दुसऱ्या कोणाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मी दादरला छोट्या उद्योगांचे हिशेब लिहिते आणि त्यांचं कॉस्टिंग, म्हणजे एकेका वस्तूला किती खर्च पडतो याचा हिशेब, करून देते. तुमच्या सभागृहात दिलेला सल्ला काही महिन्यांनी आकडे होऊन माझ्या टेबलावर येतो. उलाढाल वाढलेली असते, नवा टेम्पो दारात असतो, आणि घरात मात्र पूर्वीपेक्षा जास्त ओढाताण चालू असते. पैसा गेला कुठे हे मालकाला कळत नाही. वह्या माझ्याकडे असतात, त्यामुळे मला दिसतं. बहुतेक वेळा तो पैसा दर ठरवला त्याच दिवशी गेलेला असतो.

तुमच्या व्यासपीठांवरून काही गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या जातात की त्या आता कोणी तपासून पाहत नाही. बाजारात शिरायचं तर दर खाली ठेवा. मोठ्या कंपनीचं काम हवं तर उधारी द्यावीच लागते. गिऱ्हाईकाची गरज ओळखा आणि त्या गरजेएवढी किंमत लावा. नीतीच्या गोष्टी पोट भरल्यावर. माझं म्हणणं असं आहे की या प्रत्येक सल्ल्यात कोणाचे तरी कष्ट, नाहीतर कोणाची तरी अडचण, फुकटात धरलेली असते. जो मालक तो फुकटपणा मान्य करून दरपत्रक छापतो, त्याचा नीतीचा निर्णय तिथेच होऊन गेलेला असतो. नंतर वर्षातून एकदा रक्तदान शिबिर भरवून तो बदलत नाही.

उकडीच्या मोदकांचंच घ्या. गणपतीच्या आधी दादर-गिरगावात घरोघरी ऑर्डरी घेतल्या जातात, आणि तुमच्या बैठकांत या बायकांचं मनापासून कौतुकही होतं. समजा एका घरात शंभर मोदक होतात. नारळ, गूळ, तांदळाची पिठी, तूप, वेलची मिळून १,२०० रुपये. गॅस, डबे, पिशव्या ३०० रुपये. म्हणजे मोदकामागे १५ रुपये खर्च. दुकानात मोदक २५ रुपयांना जातो, दुकानदार त्यातले ५ ठेवतो, घरी २० येतात. वहीत लिहिलं जातं, मोदकामागे नफा ५ रुपये, शंभराला ५०० रुपये. आता नारळ खवणं, सारण शिजवणं, उकड काढून मळणं, पाऱ्या करून कळ्या पाडणं, उकडणं, डबे भरणं आणि शेवटी ढीगभर भांडी घासणं यात सासू-सून दोघींचे मिळून दहा तास गेले असं धरा, आणि तासाला ८० रुपये लावा. मजुरीच ८०० रुपये झाली. वहीत ज्याला ५०० रुपये नफा म्हटलं होतं, तो प्रत्यक्षात ३०० रुपयांचा तोटा होता, आणि तो सासू-सुनांनी कंबर मोडून भरून काढला.

‘कमी भांडवलात, घरच्या घरी’ हे वाक्य तुमच्या बहुतेक भाषणांत असतं. भांडवल कमी लागतं, कारण त्याची जागा बाईच्या श्रमांनी भरलेली असते आणि त्या श्रमांना व्याज नाही, घसारा नाही, मजुरीही नाही. याच घरातल्या माणसाने मोदकाचं यंत्र विकत घेतलं असतं तर त्याचा हप्ता त्याने पहिल्या दिवसापासून दरात धरला असता.

आता तोच हिशेब दुसऱ्या बाजूने करून पाहा. दुकानातला दर ३२ रुपये केला. दुकानदाराचा पाचवा हिस्सा गेला, घरी २५ रुपये ६० पैसे आले. दर वाढल्यामुळे गिऱ्हाईक तुटलं आणि शंभरऐवजी साठच मोदक खपले असं समजू. साठ मोदकांचे १,५३६ रुपये आले, ९०० रुपये खर्च झाला, उरले ६३६. दहा तासांच्या कामात ५०० सुटत होते, तिथे सहा तासांत ६३६ सुटले. चाळीस मोदक कमी विकूनही या घरात जास्त पैसे आले आणि दोघींना चार तास मिळाले. हे गणित चौथीच्या मुलालाही येईल. तरीही ते मी आजवर एकाही बैठकीत फळ्यावर मांडलेलं पाहिलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुंबईत टॅक्सीच्या भाड्यावरून आपण रोज कुरकुर करतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं २८ वरून ३१ रुपये झालं, रिक्षाचं २३ वरून २६. हे भाडं ठरवण्यासाठी सरकारने वेळोवेळी समित्या नेमल्या, आधी हकीम समिती, नंतर खटुआ समिती. त्यांच्या सूत्रांत इंधन, गाडीची किंमत आणि देखभाल यांच्याबरोबर चालकाचा जगण्याचा खर्चही धरलेला असतो. सूत्र अगदी बरोबर आहे असं मी म्हणत नाही. जवळचं भाडं का नाकारलं जातं हे पाहिलं तर त्यातल्या त्रुटी कळतात. पण टॅक्सी चालवणाऱ्याचं पोट हा भाड्याचा भाग आहे एवढं तरी तिथे मान्य आहे. आपल्याच घरात मसाले कुटणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, पिको-फॉल करणाऱ्या बाईच्या दरात ते मान्य नाही.

सूट देण्याचंही तेच. दिवाळीत दहा टक्के सूट द्या, माल उठेल, असं सहज सांगितलं जातं. शंभर रुपयांच्या विक्रीत मालाचा आणि थेट खर्च जाऊन ज्याला २५ रुपये सुटतात, त्याने १० रुपये सोडले की हातात १५ उरतात. पूर्वीएवढाच पैसा मिळवायला त्याला दोन तृतीयांश, म्हणजे जवळजवळ ६७ टक्के जास्त माल विकावा लागतो. तो माल बनवायचा कोणी? रात्रीची पाळी कोण करणार, जास्तीचा कच्चा माल उधारीवर कोण देणार? उलट त्याच माणसाने दर १० टक्के वाढवला तर २८ टक्के गिऱ्हाईक गेलं तरी त्याचा पैसा कमी होत नाही. बैठकांत आणि मालकांच्या गप्पांत ‘खप’ हा एकच आकडा फिरतो. सुटतं किती, हे विचारायला आपण बिचकतो.

स्वस्त असण्याची आणखी एक किंमत असते. २००९ साली टाटांची नॅनो इथे मुंबईतच बाजारात आली. एक लाखाच्या आसपास गाडी देणं ही अभियांत्रिकीची मोठी कामगिरी होती. पण ‘सर्वांत स्वस्त गाडी’ हा शिक्का तिच्यावर असा बसला की स्कूटरवरून उतरणाऱ्या कुटुंबालाही ती नको झाली. त्या शिक्क्याने नुकसान झालं, हे रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवलं. एवढ्या मोठ्या समूहाला जो शिक्का पुसता आला नाही, तो आपल्या परळच्या नाहीतर पार्ल्याच्या नवख्या मुलाने ‘सुरुवातीला’ म्हणून लावून घ्यावा, असा सल्ला आपण कसा देतो?

दर वाढवण्याची गोष्ट काढली की ओळखीच्या गिऱ्हाइकाचा विषय येतोच. आपल्याकडे पैसे मागायचा संकोच आहे, आणि तो मी वाईट मानत नाही. त्यात नात्याची कदर आहे. पण होतं असं की मामेबहिणीला, सोसायटीच्या सेक्रेटरींना, मुलाच्या शिक्षिकेला कमी दर लावला जातो आणि त्याची भरपाई मदतनीस मुलीच्या पगारातून होते. तिला महिन्याला हजार रुपये वाढवून द्यायचे असतात, ते राहून जातात. नातं मालकाचं, त्याचा खर्च मात्र त्या मुलीच्या माथी. ज्याला नातं जपायचं आहे त्याने आपल्या वाट्यातून जपावं आणि बिलावर पूर्ण दर लिहून खाली सूट वेगळी दाखवावी. म्हणजे घेणाऱ्यालाही कळतं की आपल्याला काहीतरी मिळालं आहे.

उधारीवर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण तिच्यामुळे बंद पडलेली वर्कशॉपं मी पाहिली आहेत.

मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली की बैठकीत टाळ्या वाजतात, पेढे वाटले जातात. एक लाखाचं बिल झालं, त्यावर १८ टक्क्यांनी १८ हजार जीएसटी. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला तो कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारात भरावाच लागतो, बिलाचा एक रुपयाही हातात आलेला नसला तरी. तिकडे कंपनी त्या कराची वजावट घेऊन मोकळी होते. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तरच तिला ती परत करावी लागते. तोवर आपला माणूस कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून घेतलेल्या चालू कर्जावर, १२ टक्क्यांनी पैसे उचलतो. नव्वद दिवस बिल अडकलं तर लाखामागे ३,००० रुपये व्याजात गेले. सगळं जाऊन त्याला लाखामागे ६,००० सुटणार होते, त्यातले निम्मे त्याने एका श्रीमंत कंपनीला बिनव्याजी कर्ज देण्यात घालवले. त्या कंपनीला बँक आपल्या माणसापेक्षा कमी व्याजाने कर्ज देते, ही यातली सगळ्यांत टोचणारी गोष्ट.

आणि हे होऊ नये म्हणून कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यायचं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, हेही सभासदांना स्पष्ट सांगायला हवं. अनेकांचा तिथे गैरसमज आहे. मग आयकर कायद्यात ‘४३बी’मध्ये नवं कलम आलं आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. त्यानंतर काही खरेदीदारांनी छोट्या पुरवठादारांना उद्यम नोंदणी रद्द करायला सांगितल्याच्या, नाहीतर त्यांच्याकडची खरेदीच थांबवल्याच्या बातम्या आल्या. माझ्याकडे हिशेब असलेल्या एका वर्कशॉपवाल्यालाही असा निरोप फोनवरून आला. लेखी काही नाही. त्याने मला विचारलं, ताई, काय करू? त्या दिवशी त्याच्या पाठीशी एखादं मंडळ उभं असतं, आमच्या सभासदाला असा निरोप का दिलात असं विचारणारं एक साधं पत्र त्या खरेदी विभागाला गेलं असतं, तर त्याला एकट्याने ठरवावं लागलं नसतं.

बिल अडकू नये म्हणून ट्रेड्स ही व्यवस्थाही आहे. कंपनीने मान्य केलेलं बिल तिथे चढवलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला थोडा वटाव कापून लगेच पैसे मिळतात. पुढे कंपनीने पैसे बुडवले तरी बँक पुरवठादाराच्या मागे लागत नाही. पूर्वी ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची होती; नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मर्यादा २५० कोटींवर आणली गेली. तुमच्या सभासदांपैकी किती जणांनी हे नाव ऐकलं आहे, हे पुढच्या बैठकीत हात वर करायला सांगून पाहा.

उधारीचं ओझं कोण वाहतं, हे या शहराला फार जुनं ठाऊक आहे. गिरणगावात खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. कामगार पगार झाल्यावर महिन्याचे पैसे द्यायचे. तोवर किराणा उधारीवर, आणि ती उधारी भागवायला सावकाराचं कर्ज. जेवणाचा दर ठरलेला असायचा, पण महिनाभर थांबण्याची किंमत त्या दरात कोणी धरलेली नव्हती. ती या बाईच्या मंगळसूत्रातून जायची. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते या बायकांना संघटित करून त्यांच्या स्वतःच्या नावावर बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. प्रेमाताईंनी या बायकांना विक्रीकला शिकवली नाही. जेवण उत्तमच होतं, गिऱ्हाईक दारात उभं होतं. अडचण खेळत्या भांडवलाची होती आणि त्यांनी नेमका तिथे हात घातला. पुढे १९८२ चा संप आला, गिरण्या बंद पडल्या, गिरणगाव बदललं. पण मराठी उद्योजकतेचा मुंबईतला इतिहास सांगताना आपण कारखानदारांची नावं घेतो आणि या खानावळींना वगळतो, हे मला कधीच पटलेलं नाही.

तुमच्या वार्षिक मेळाव्यात मोठ्या कंपन्यांचे अधिकारी पाहुणे म्हणून येतात. ते त्यांच्या सामाजिक उपक्रमांच्या चित्रफिती दाखवतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक आहे, आणि त्या पैशातून चांगली कामं झाली आहेत. पण त्या पाहुण्यांना व्यासपीठावरच, अगदी नम्रपणे, एक प्रश्न विचारा: तुमच्याकडे लघु पुरवठादाराचं बिल सरासरी किती दिवसांत भागतं? २०१९ पासून ४५ दिवसांपुढे थकलेल्या अशा देण्यांची माहिती कंपन्यांना दर सहा महिन्यांनी सरकारला द्यावी लागते, म्हणजे आकडा त्यांच्या कार्यालयात असतोच. जी कंपनी गावात शाळा बांधते आणि इकडे भांडुपच्या वर्कशॉपवाल्याचे पैसे चार महिने अडवते, तिच्या शाळेत त्या वर्कशॉपच्या कामगारांचा पगारही भिंतीत गेलेला असतो. तुमचा सभासद हे बोलू शकत नाही, त्याला पुढची ऑर्डर हवी असते. मंडळ बोलू शकतं.

गिऱ्हाईकाच्या गरजेप्रमाणे किंमत लावावी, या सल्ल्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. उद्या लग्न आणि आज पत्रिकेत चूक सापडली, अशा वेळी रात्रभर जागून छापून देणाऱ्याने दुप्पट घ्यावेत. तीस वर्षं यंत्रं हाताळलेला माणूस दहा मिनिटांत बिघाड काढतो तेव्हा त्याने दहा मिनिटांचे पैसे न घेता तीस वर्षांचे घ्यावेत. तिथे घेणाऱ्याला फायदा आहे, आणि नको म्हणायची मुभाही आहे. पण समोरच्याला मुभाच उरलेली नसते तेव्हा हा सल्ला धोक्याचा होतो. मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझरच्या किमती अशा चढल्या की सरकारला तीन पदरी मास्कला १० रुपये आणि २०० मिलीच्या सॅनिटायझरला १०० रुपये अशी कमाल किंमत ठरवून द्यावी लागली. त्या दिवसांत ज्यांनी ‘गरजेएवढी’ किंमत लावली त्यांनी शिकवलेलं तंत्रच वापरलं होतं. माझ्या ओळखीच्या एका औषध दुकानदाराने जुन्याच दराने, माणशी ठरावीक नग असं विकलं. आजही त्याच्या दुकानापुढे दोन साखळी दुकानं आली आहेत आणि म्हातारी माणसं रस्ता ओलांडून त्याच्याकडेच जातात.

पुड्यातलं वजन गुपचूप कमी करून दर तोच ठेवणं, हेही हल्ली युक्ती म्हणून शिकवलं जातं. वजन छापलेलं असतं, कायदा पाळला जातो, हे खरं. मोठ्या ब्रँडचं गिऱ्हाईक कोट्यवधी आणि अनोळखी असतं, त्यांना ते निभतं. ज्याची चकली पाच इमारतींत खपते त्याने हे करू नये. तेल महागलं, दर वाढला, असं दारावर लिहून लावावं. माणसं समजून घेतात. फसवलं गेल्याचं मात्र विसरत नाहीत.

नेतृत्वावर तर तुमच्याकडे सगळ्यांत जास्त व्याख्यानं होतात. मोठी स्वप्नं, पहाटे उठणं, एकट्याने झुंजणं. माझ्या कामातून मला मालकाची पारख करायची एकच रीत सापडली आहे: गल्ल्यात पैसे कमी असतील त्या महिन्यात तो कोणाला आधी देतो. पगार महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा असं कायदा सांगतो. बिल अडकलं म्हणून मदतनिसाचा पगार २० तारखेवर नेणारा आणि स्वतःच्या गाडीचा हप्ता वेळेत भरणारा मालक कितीही छान बोलत असला तरी त्याच्या हाताखालची चांगली माणसं वर्षभरात निघून जातात. याउलट स्वतःचा वाटा थांबवून आधी पगार करणारे मालकही आहेत, आणि ते तुमच्या व्यासपीठावर फारसे दिसत नाहीत, कारण त्यांना भाषण येत नाही.

लिज्जत पापडाची गोष्ट तुम्ही सांगता. १५ मार्च १९५९, गिरगावातली एक इमारत, सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये. पुढे ती गोष्ट ‘८० रुपयांतून एवढी मोठी उलाढाल’ अशी संपवली जाते. मला तिच्यातला मधला भाग महत्त्वाचा वाटतो. पापड लाटणाऱ्या बाईला वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, रोजच्या रोज मिळण्याची पद्धत तिथे रुजली. लाटणारी ही मालकीणही, आणि नफा झाला तर तो बहिणींमध्ये वाटायचा, तोटाही वाटून घ्यायचा. सुरुवातीपासून देणग्या घ्यायच्या नाहीत असं ठरलं होतं. म्हणजे मजुरी आधी, दर त्यावर उभा, दया कोणाचीच नाही. आज सुमारे ४५ हजार बहिणी तिथे आहेत. डबेवाल्यांकडेही पाहा. १८९० पासून चाललेल्या या कामात एकेका गटाची मिळकत त्या गटातल्या माणसांत सारखी वाटली जाते. परदेशी विद्यापीठांतून लोक त्यांची अचूकता बघायला आले. त्या अचूकतेमागे ही वाटणी आहे, याकडे आपण तरी लक्ष द्यायला हवं होतं. ही दोन्ही उदाहरणं आपल्या दारातली आहेत आणि तरीही आपली प्रशिक्षणं एकट्या मालकाच्या पराक्रमाभोवती फिरतात.

मजुरी पूर्ण धरून कॉस्टिंग केलं की काही धंदे परवडत नाहीत असं कळेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. माझ्या टेबलासमोर बसून एका बाईंनी चार वर्षं चालवलेलं पोळी-भाजी केंद्र बंद करायचं ठरवलं. त्या रडल्या. त्यांना मी थांबवलं नाही, कारण चार वर्षं त्या दिवसाला बारा तास राबून स्वतःला स्वयंपाकाच्या बाईपेक्षाही कमी देत होत्या, आणि दर वाढवण्याएवढं गिऱ्हाईक त्या गल्लीत नव्हतं. सहा महिन्यांनी त्यांनी फक्त ऑफिसांच्या आठवड्याच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, निम्मे पैसे आगाऊ. परवडत नाही हे लवकर कळणं हीदेखील उद्योजकाला द्यायची मोठी मदत आहे. ‘टिकून राहा’ असं प्रत्येकाला सांगणं सोपं आहे. टिकण्याची किंमत घरातलं कोण भरतं आहे, ते विचारल्याशिवाय सांगू नका.

गुजराती, मारवाडी, सिंधी व्यापाऱ्यांकडून शिका, असंही तुम्ही सांगता. जरूर शिकावं. पण त्यांच्याकडून नेमकं काय घ्यायचं, तर रोजचा हिशेब रोज लिहिणं, भांडवलावर व्याज धरणं आणि समाजातल्या नव्या माणसाला सुरुवातीला आधार देणं. दर पाडणं हे त्यातलं सगळ्यांत वरवरचं आणि आपण नेमकं तेवढंच उचललं.

आता मागणं. पुढच्या बैठकीत पाहुण्यांच्या भाषणाचा अर्धा तास कमी करा. त्या वेळात प्रत्येक सभासदाने आपल्या एका वस्तूचा नाहीतर सेवेचा पडता, म्हणजे तिला पडणारा सगळा खर्च, कागदावर मांडावा: माल, वीज-भाडं, स्वतःचे तास, घरच्यांचे तास, कामगारांची मजुरी, उधारीचं व्याज. घरच्यांच्या तासांची ओळ रिकामी ठेवायची नाही, एवढाच नियम. आकडे बाहेर जाणार नाहीत याची हमी मंडळाने द्यावी. दुसरं, मंडळाने थकलेल्या बिलांची एक वही ठेवावी. सभासदाचं नाव न घेता, कोणत्या खरेदीदाराकडे किती दिवस बिलं अडतात याची नोंद त्यात व्हावी आणि ४५ दिवस उलटलेल्या बिलांसाठी पत्र मंडळाच्या कागदावर, मंडळाच्या सहीने जावं. तरीही पैसे आले नाहीत तर थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे अर्ज कसा करायचा हे सांगणारा एक माणूस प्रत्येक शाखेत हवा. तिसरं, पुरस्कार देता ना दरवर्षी? त्यात उलाढालीचा रकाना राहू द्या, शेजारी आणखी एक वाढवा: कामगारांचे पगार किती महिने वेळेवर झाले.

पडता मांडायचा मराठीतला एक पानी नमुना मी तयार केला आहे. मोदकांपासून फॅब्रिकेशनपर्यंत कोणालाही भरता येईल इतका तो सोपा आहे. ज्या मंडळाला हवा असेल त्याला मी तो देते, आणि पहिल्या बैठकीला स्वतः येऊन भरून घेते. त्याचं मानधन नको. मात्र सभासदांच्या घरातल्या ज्या बायका प्रत्यक्ष काम करतात त्यांनाही त्या दिवशी सभागृहात, पुढच्या रांगेत, बोलवा. तासांचा आकडा त्यांनाच विचारायचा आहे.

आपली,
दादरमधल्या छोट्या उद्योगांचे हिशेब लिहिणारी एक